खाडीकडे पाठ

अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास त्या गावातलं मिठागर थांबत असे. फावडी वाफ्यांच्या कडेला आडवी पडत, पाट्या उपड्या होत आणि बायका-पुरुष बांधावर एका ओळीत जेवायला बसत. तोंड गावाकडे, पाठ खाडीकडे. तासभर कोणी मागे वळून पाहत नसे. भरती त्याच वेळी चढत असे. पाठीमागे पाणी बांधाला लागल्याचा आवाज येई आणि सुकटीची डबी हातोहात पुढे सरकत राही.

गाव पेण तालुक्यातलं, कासू स्टेशनच्या पश्चिमेला, जिथे भाताची जमीन संपून खारी जमीन सुरू होते. त्याचं नाव इथे देत नाही. मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकाचा पेणचा वार्ताहर होतो. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तो त्र्याण्णवनंतरच्या हिवाळ्यात. ओळीच्या टोकाला उभा राहून मी खाडीकडे पाहत होतो, तेव्हा एक म्हातारी म्हणाली,

"दादा, बसा. असं, इकडं तोंड करून."

"का?"

"बसा तं खरं."

तिच्या शेजारची तरुण बाई हसली. "सांग ना गो त्यांना, का ते."

"मना तरी कोणी सांगितलंय? आयस बसं, आजीस बसं. भाकर घे, बोलू नको."

तिथून शंभर पावलांवर बांधाला लागून एक टेकाड होतं. गाव त्याला चौकी म्हणत असे, जरी वर करवंदीच्या जाळीशिवाय काही नव्हतं. त्या टेकाडावर एक माणूस छत्री उघडून, खाडीकडे तोंड करून बसला होता. म्हातारीने त्याच्याकडे न बघताच हात केला. "त्याचं नका बगू. तो बारा गावचं पाणी प्यायलाय."

तो फौजेतून निवृत्त झालेला हवालदार होता. गावात सगळे त्याला हवालदारच म्हणत, घरातली सून तेवढी आबा म्हणे. वय साठीच्या आसपास. डावा कान अधू, नजर मात्र शाबूत. त्र्याण्णवच्या मार्चमध्ये मुंबईत जे स्फोट झाले त्यांचा माल आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उतरला होता, आणि त्यानंतर खाडीकाठच्या गावांत पहारे सुरू झाले होते. या गावाच्या यादीत रोज रात्री दोन माणसं, एक बॅटरी, एक शिट्टी. पहाऱ्याचा प्रमुख हवालदार. त्याला या यादीत फक्त एक ओळ वाढवून हवी होती: अमावास्येची दुपार. ती ओळ मिळेपर्यंत तो स्वतः बसत होता.

कारण त्याने मला टेकाडावर बसवून समजावलं. ओहोटीला या खाडीत कमरेएवढा चिखल उरतो, होडी येत नाही. भरतीची वेळ तिथीवरून निघते, तिथीची पाऊणपट केली की झालं. अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा; खाडीत आत यायला वर तासभर, म्हणजे बारा-साडेबारा. आणि भरती दिवसातून दोनदा येते.

"रात्री बाराची भरती राखता," तो म्हणाला, "मग दुपारी बाराची काय सासऱ्याची? बाकीच्या दिवशी मिठागरावर पन्नास डोळे असतात. आज बघा. एक पण नाय."

"लोक म्हणतात, रीत आहे."

"फौजेत बारा वाजता जेवण असतं. आमच्या गावात बारा वाजता भीती असते, वरनं जेवतात."

एकाहत्तरला तो पूर्वेच्या आघाडीवर होता. त्याबद्दल तो फारसं बोलत नसे. जे बोलला ते एवढंच, की तिकडच्यांनी रस्ते आणि पूल फार चांगले राखले होते. "आम्ही रस्ता सोडून गेलो. पूल सोडून गेलो. ते शेवटपर्यंत रस्त्याकडंच बघत होते. चांगली माणसं होती. झोपली नव्हती हां. जागी होती, पण दुसरीकडं बघत."

मग त्याने वही दाखवली. शाळेची दुरेघी वही, पट्टीने आखलेले रकाने: तिथी, भरती, काय पाहिलं, पाहणारा. शेवटच्या रकान्यात सगळीकडे एकच सही होती. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी रेघ. अमावास्येच्या ओळीत मात्र प्रत्येक वेळी तोच आकडा.

"तीन काय?"

"होड्या."

"कोणाच्या?"

"माहीत नाय. तिवरांच्या आडनं येतात, एकामागं एक. वल्ही हलताना दिसतात, आवाज नसतो. मना वाटलं कान गेला. पण त्या वेळी बायकांचं बोलणं ऐकू येतं, आणि वल्ह्यांचं नाय. चौकीच्या समोर आल्या की नसतात."

"वळतात?"

"नसतात." त्याने वही मिटली. "मी काय बोलतो, त्या होड्या काय असतील ते असोत. लोक त्यांच्यापायी पाठ करतात, व्हय ना? त्या पाठीमागनं उद्या खरा माणूस आला तर?"

हे वाक्य मी माझ्या वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. बातमीत ते छापून आलं नाही.

बातमी मी पेणच्या एसटी स्टँडजवळच्या बूथवरून फॅक्स केली. तिच्यात भरतीचं गणित होतं, यादीतली त्रुटी होती, माजी सैनिकाची मागणी होती. मिठागरावरची रीत आणि तीन होड्या मी शेवटच्या परिच्छेदात घातल्या होत्या. घालायची गरज नव्हती. बातमी उठून दिसेल, असा हिशेब होता, आणि तो बरोबर ठरला. मुंबईच्या डेस्कने शेवटचा परिच्छेद वर घेतला, भरतीचं गणित कापलं आणि चौकटीत छापलं. मथळा होता: भुतांच्या होड्यांवर हवालदाराचा पहारा.

दोन दिवसांनी वडखळच्या नाक्यावर चहाच्या टपरीत तो भेटला. अलिबागच्या गाडीची वाट पाहत होता. टपरीवाल्याने कपबशी ठेवताना विचारलं, "हवालदार, त्यांना पण चहा देऊ का? तिघं बाहेर थांबलेत." बाकावरची माणसं हसली. तोही थोडा हसला. मला म्हणाला, "बातमीदार, तुमचं अक्षर चांगलं असेल. वाचणारा दुसराच निघाला." गाडी आली आणि तो गेला.

रोह्याला जायचं कारण हवालदार नव्हता, निदान मी तसं स्वतःला सांगितलं होतं. तिथे एक निवृत्त इतिहास शिक्षक होते. मोडी वाचत. एका जुन्या घराण्याच्या दप्तरातले खाडीवरच्या मराठेशाहीतल्या चौक्यांचे कागद ते दोन-तीन वर्षं उतरवत होते आणि त्यावर रविवारच्या पुरवणीसाठी मी काहीतरी लिहावं अशी त्यांची इच्छा होती. पॅसेंजरने रोह्याला उतरलो. कुंडलिकेच्या अलीकडे त्यांचं घर. वारा त्या बाजूचा होता, म्हणून रसायनांच्या कंपन्यांचा वास येत होता आणि त्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. दिवसाउजेडी दिवा लावून बसलो.

मी त्यांना त्या गावाच्या चौकीबद्दल विचारलं. ते उठले आणि दोन कागद घेऊन आले, म्हणजे त्यांच्या हातच्या नकला.

पहिल्या कागदाचा सारांश असा. समुद्रावरच्या दुसऱ्या सत्तेशी नुकताच तह झाला होता. तह झाला तरी चौकीवरची भीती उतरली नव्हती. एका अमावास्येला भर दुपारी चौकीवरच्या पहारेकऱ्याला तीन होड्या दिसल्या. नियम होता, की खाडीतून येणाऱ्याने तीन हाका द्यायच्या. दोन हाका आल्या. तिसरीची वाट न पाहता तोफेला बत्ती दिली गेली. होड्या गावाच्याच होत्या. मीठ पोचवून परतत होत्या, बायकामाणसं होती. कोणी वाचलं नाही. पहारेकऱ्याचं पुढे काय झालं ते कागदात नाही. गावाने मात्र त्या तिथीला, त्या वेळी खाडीकडे पाहणं सोडलं, असं अंमलदाराने वर कळवलं होतं आणि काय करावं म्हणून विचारलं होतं.

"उत्तर?"

"उत्तर सापडलं नाही. हे सापडलं." त्यांनी दुसरा कागद पुढे केला. तो काही वर्षांनंतरचा. तह मोडला होता. अमावास्येच्या दुपारी एकच गलबत भरतीवर आत आलं आणि त्यातले लोक चौकीत चालत गेले. झटापट झालीच नाही. चौकीतली माणसं जेवायला बसली होती, खाडीकडे पाठ करून.

मी म्हणालो, "अजून बसतात."

"कोण?"

"गाव. अमावास्येला, दुपारी. मी पाहिलंय."

त्यांनी चष्मा काढून कागदावर ठेवला. त्यांना रीत ठाऊक नव्हती आणि गावाला कागद ठाऊक नव्हते. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे त्या तिघी अजून येतात, असं तुमच्या हवालदाराचं म्हणणं आहे?"

"तो फक्त आकडा लिहितो."

"बरं करतो."

निघताना त्यांनी दोन्ही नकला माझ्याकडे दिल्या. पहाऱ्याबद्दल गावात बैठक होणार असल्याचं मी बोललो होतो, तिथे अधिकाऱ्यांना द्या म्हणाले. दारात उभे राहून त्यांनी जे सांगितलं ते मला पुढे बऱ्याच अग्रलेखांच्या निमित्ताने आठवलं, जेव्हा जेव्हा एखादा जुना पराभव किंवा जुना तह आजच्या सरकारला दाखला म्हणून दिला जाई. ते म्हणाले, "इतिहासाला विचारू नका, उद्या शत्रू कोण. त्याला ते माहीत नसतं. तो दोनच गोष्टी सांगू शकतो. पाणी कुठून आत येतं, आणि आपण कशामुळे तिकडे बघायचं सोडलं. आणि हे बघा, एकच कागद देऊ नका. एकट्या पहिल्या कागदावर चालणारा राजा कोणत्याही पहारेकऱ्यावर विश्वास ठेवणार नाही. एकट्या दुसऱ्यावर चालणारा सगळ्यांवर तोफ डागेल."

बैठक गावच्या शाळेत झाली. तालुक्याहून आलेला अधिकारी सभ्य आणि थकलेला माणूस होता. त्याने दोन्ही नकला शांतपणे वाचल्या, हे मी स्वतः पाहिलं. हवालदाराला त्याने बसायला खुर्ची दिली.

"हवालदारसाहेब, तीन होड्या येतात. जातात कुठे?"

"माहीत नाय, साहेब."

"बांधावर खुणा? चिखलात काही?"

"नाय."

"आवाज?"

"नाय."

मागून कोणीतरी म्हणालं, "भाडं पण देत नाय," आणि वर्गात हसू फुटलं. अधिकारी हसला नाही. त्याने पहिली नक्कल उचलली. "यात काय लिहिलंय? एका पहारेकऱ्याला भलतंच दिसलं आणि गावची माणसं गेली. मला तसं होऊ द्यायचं नाही. मच्छीमारांच्या होड्या या खाडीत रोज असतात. घाबरलेल्या माणसाच्या हातात मी शिट्टी देऊ शकत नाही."

"मी घाबरलेला नाय. मी बघतो, एवढंच."

"दुसरा कागदही आहे," मी म्हणालो.

"वाचला. तो काळ वेगळा होता."

पहिल्या कागदाचा काळही तोच होता, हे मी बोललो नाही. वार्ताहराने बैठकीत बोलायचं नसतं, असा एक नियम मी पाळत असे आणि त्या दिवशी तो फार सोयीचा होता. दुपारच्या पहाऱ्यासाठी कोण तयार आहे, असं अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा एकही हात वर झाला नाही. म्हातारीचा मुलगा तेवढा उभा राहून म्हणाला, "रात्री सांगाल तेवढं जागतो, साहेब. अमावास्येची दुपार तेवढी सोडा." हवालदाराचं नाव यादीतून काढलं गेलं. कारणाच्या जागी प्रकृती असं लिहिलं. त्याने बॅटरी आणि शिट्टी टेबलावर ठेवली, सलाम केला आणि घरी गेला. त्यानंतरच्या पंधरवड्यात त्याचा उजवा पाय धरला आणि टेकाड चढणं बंद झालं. शेवटची अमावास्या त्याने गाठली होती.

हे मला कळलं ते उशिरा. त्याची सून पेणच्या बाजाराला आली होती, ती माझ्या खोलीवर वही देऊन गेली. "आबांनी दिलीय. बोलले, शेवटचं पान बगा. आणि छापू नका." दारातच उभी होती. निघताना म्हणाली, "दादा, ते वेडे नाय. पण त्यांना आता यातलं काय विचारू नका. रात्री झोपतात आता."

शेवटचं पान मी ती गेल्यावर उघडलं. अमावास्या. भरती बारा वीस. तिसऱ्या रकान्यात चार. खाली बारीक अक्षरात दोन ओळी होत्या: चौथी तिघींच्या मागे अंतर ठेवून आली. तिला इंजिन होतं, बंद केलेलं. तिघी नाहीशा झाल्यावर ती राहिली, चौकीखालून आत गेली.

मी पुन्हा पुन्हा वाचलं. तीन हा आकडा कोणालाही झटकून टाकता आला असता, आणि सगळ्यांनी झटकला होता. चार हा आकडा तसा नव्हता. कोणीतरी बाहेरच्याने हे गाव कधी बघत नाही ते हेरलं होतं. त्यात माझी चौकट किती उपयोगी पडली असेल, याचा विचार त्या संध्याकाळी टाळता आला नाही. तीत तिथी आणि वेळ दोन्ही छापून आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन तालुक्याला गेलो. अधिकारी बदलून गेला होता. कारकुनाने त्या पानाची नक्कल करून घेतली, आवक नंबर दिला. त्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. त्या खाडीत काही सापडल्याचं मी कधी ऐकलं नाही. काही आलंच नव्हतं, असंही त्यावरून ठरत नाही.

कासूहून चालत मी हवालदाराकडे गेलो. तो पडवीत खाटेवर होता. वही परत दिली.

"पुढची अमावास्या येते," तो म्हणाला. "मी नसणार. एक माणूस पाहिजे."

"मी बसतो."

"तोंड कुठं करून?"

"खाडीकडे."

त्याने मान हलवली. विश्वास होता की नव्हता, सांगता येत नाही.

अमावास्येला मी साडेअकराला टेकाडावर होतो. ऊन पांढरं होतं. मिठाच्या राशींवरून नजर घसरत होती. बारा वाजता फावडी थांबली आणि ओळ बसली. म्हातारीने टेकाडाकडे पाहिलं आणि उठून वर आली. तिच्या हातात भाकरीची फडकी होती.

"हवालदाराचं झालं, आता तुमी?"

"कोणीतरी बघायला पाहिजे."

"हवालदार काय, त्याचं सगळं जगून झालंय. तुमच्या घरी कोण हाय?"

"बायको आहे. मुलगी आहे."

"मग?" ती माझ्या शेजारी बसली, गावाकडे तोंड करून, आणि फडकी सोडली. तिने आणखी काही समजावलं नाही, हात धरला नाही. अर्धी भाकरी तिने माझ्या बाजूला ठेवली. ती घ्यायला मला वळावं लागलं.

वळलो. आणि मग पुन्हा खाडीकडे वळायचं राहिलं. मी घाबरलो, असं लिहिणं सोपं आहे, पण ते नेमकं नाही. ओळीतली सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर धाक नव्हता, फक्त वाट पाहणं होतं, जशी घरातले लोक ताटावर उशिरा येणाऱ्याची बघतात. मी भाकरी खाल्ली. पाणी चढत होतं. थोड्या वेळाने पाठीमागे काहीतरी पुढे सरकल्यावर उठणारी लाट बांधाला लागली. ओळीत कोणी हललं नाही. दुसरी लागली. तिसरी. म्हातारीने डबीचं झाकण लावलं, जसं जेवण संपल्यावर लावतात.

मग बऱ्याच अंतराने चौथी लागली. म्हातारीचा हात झाकणावर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ती मोजत होती, हे मला तेव्हा कळलं. ती सगळी माणसं जन्मभर मोजत आली होती.

दोघांपैकी कोणीही वळलं नाही.

संध्याकाळी हवालदाराच्या पडवीत गेलो. सुनेने पाणी दिलं आणि ती आत निघून गेली. त्याने विचारलं, "किती?"

"चार लाटा लागल्या."

"होड्या किती?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. त्याने उशीखालून वही काढली, पट्टी घेतली आणि सावकाश एक ओळ आखली. तिथी लिहिली, भरतीची वेळ लिहिली. तिसऱ्या रकान्यात रेघ ओढली. चौथ्या रकान्याशी पेन्सिल थांबली तेव्हा मी सही करायला हात पुढे केला. त्याने वही आपल्याकडे ओढून घेतली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, पाहणारा नव्हता.